देवघराच्या कमानीची सागवानी मोल्डिंग घरी कशी करावी? सल्ला हवा

गच्चीवरचं_वर्कशॉप
नमस्कार. मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. देवघराच्या दाराला वर कमान आणि तिच्याभोवती सागवानी मोल्डिंग, म्हणजे नक्षीची पट्टी. डाव्या बाजूला वाळवी लागली होती, काढायला गेले तर निम्मी पट्टी हातात भुसा होऊन आली. धड राहिलेला फूटभर तुकडा जपून ठेवलाय. रुंदी 75 मिमी, जाडी 24 मिमी, आणि आतल्या कडेला 20 मिमीची वेगळी गोलसर बीडिंग (बारीक पट्टी). दाराची रुंदी 1000 मिमी, कमान मध्यावर 200 मिमी उठलेली.

दुकानात रबरासारखी वाकणारी तयार पट्टी दाखवली. देवघराला ती लावायला मन घेत नाही. मग सरळ सागवानी पट्टी रात्रभर भिजवून खिळे मारत कमानीवर बसवायला गेले, तिसऱ्या खिळ्याला मधोमध तडकली. आता वाफ द्यावी, का पातळ पट्ट्या चिकटवाव्यात? माझ्याकडे जिगसॉ (गोलाईत कापणारी विजेची करवत), ट्रिमर (लाकडाची कड कोरणारा छोटा राऊटर) आणि सहा सी-क्लॅम्प (शिकंजे) आहेत. गरज असेल तर मोठा राऊटर घेईन.

जुना_रंधा
ताई, तयार मोल्डिंग वाकवायच्या नादाला लागू नका. आधी लाकूड गोलाईत आणायचं, नक्षी शेवटी काढायची. हा क्रम पाळला की निम्मं काम झालं.

वाफेचं म्हणाल तर ती ओलसर, हवेवर सुकलेल्या लाकडाला चांगली मानवते. इंचभर जाडीला तासभर वाफ असा ढोबळ हिशोब धरतात. पण भट्टीत वाळवलेलं लाकूड वाफेनं नीट वाकत नाही, आणि साच्यातून काढलं की थोडं परत उघडतं. जुन्या कमानीला तंतोतंत बसवायचं असेल तर तो मार्ग सोडा.

आता कोणत्या बाजूनं वाकवायचंय ते बघा. तुमची पट्टी भिंतीवर सपाट बसते, म्हणजे गोलाई 75 मिमीच्या अंगानं आहे. एकेक सुताच्या (सुमारे 3 मिमी) पट्ट्या चिकटवायच्या म्हटलं तर चोवीस-पंचवीस लागतील. तेवढा गोंद आणि तेवढे शिकंजे कशाला? रुंद मोल्डिंग तुकड्यांची करा, बीडिंग तेवढी पट्ट्यांची.

बैलगाडीचं चाक आठवा. त्याची गोलाई कुणी वाकवलेली नसते, गोलाईत कापलेले लाकडी पुठ्ठे एकमेकांना जोडलेले असतात. तुमची कमानही तशीच होईल.

त्रिज्या काढू. रुंदीचा वर्ग भागिले उंचीची आठपट, त्यात उंचीचा निम्मा मिळवायचा. 1000 गुणिले 1000 भागिले 1600 म्हणजे 625, अधिक 100. आतली त्रिज्या 725, बाहेरची 800. ही कमान साधारण 87 अंशांची भरते. चार तुकडे केलेत तर प्रत्येकाच्या टोकाला 11 अंशाला थोडी कमी काट येईल, एकेक तुकडा बाहेरून 300 मिमीच्या आसपास, आणि फळी 88 मिमी रुंद हवी. चार इंची फळीतून आरामात निघतं.

पण टोकाला टोक नुसतं चिकटवलेलं टिकत नाही, कापलेलं टोक गोंद पिऊन टाकतं. म्हणून 12 मिमीचे दोन थर करा आणि विटांच्या बांधकामासारखे वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. वरच्या थरात दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा तुकडा आणि मध्ये तीन पूर्ण. सागवान तेलकट असतं, गोंद लावायच्या अगदी आधी थिनरनं पुसून घ्या.

उद्यमनगरकर
काकांशी सहमत. पुढचं मी सांगतो. जोडलेला गोळा जिगसॉनं रेषेबाहेर 2-3 मिमी ठेवून कापा, मग राऊटरला प्लायची लांब पट्टी लावून एका खिळ्याभोवती फिरवा. इथं बऱ्याच जणांची चूक होते: आतली कड कापताना 725 हे माप खिळ्यापासून बिटच्या (राऊटरच्या फिरत्या पात्याच्या) लांबच्या बाजूपर्यंत घ्यायचं, बाहेरच्या कडेला 800 हे जवळच्या बाजूपर्यंत. उलटं झालं तर बिटच्या जाडीएवढी मोल्डिंग बारीक होऊन बसते. माझी पहिली कमान अशीच वाया गेली.

एका फेरीत 3-4 मिमीच खोल जा. नक्षीला बेअरिंगचं बिट (कडेला टेकून फिरणारी चकती असलेलं) लावा. बाहेरच्या कडेला घड्याळाच्या उलट, आतल्या कडेला घड्याळासारखं फिरवा, नाहीतर मशिन हातातून ओढलं जातं. तुकड्यांमध्ये लाकडाच्या रेषा तिरप्या सुटतात, त्या जागी लाकूड उचकटतं, म्हणून शेवटची फेरी केसाएवढी ठेवा. 24 मिमीच्या कामाला ट्रिमर कमी पडेल, मोठा राऊटर घ्याच. गॉगल आणि मास्क विसरू नका, सागवानाचा भुसा घशाला लागतो.

गच्चीवरचं_वर्कशॉप
काका, दादा, खूप आभार. दोन शंका. जुन्या तुकड्याची नक्षी बाजारातल्या एकाही बिटशी जुळत नाही, मधली खाच फार अरुंद आहे. आणि बीडिंगसाठी साचा कसा करू?

जुना_रंधा
नक्षीसाठी जुनं हेक्सा ब्लेड घ्या. तुमच्या तुकड्याच्या टोकावर धरून आकार आखा, आणि बारीक कानशीनं त्याची उलट नक्षी ब्लेडवर घासा. मग ते लाकडाच्या ठोकळ्यात अडकवून कडेनं ओढत जा. बिटनं जमेल तेवढं काढायचं, उरलेलं या पात्यानं खरवडायचं. सुरुवातीला नुसती पांढरी रेघ उमटेल, मग पातळ साली निघू लागतील. जुना नमुना त्यानंच हुबेहूब मिळेल.

बीडिंगचा साचा दोन 12 मिमी प्लाय एकावर एक जोडून कमानीच्या मापाचा करा, कडेला सेलोटेप लावा म्हणजे पट्टी साच्याला चिकटणार नाही. 20 मिमीसाठी 3 मिमीच्या सात पट्ट्या, जास्तीचं रंध्यानं काढा. साधा पांढरा गोंद ताणाखाली हळूहळू सरकतो, इथं दोन भागांचा इपॉक्सी वापरा. सी-क्लॅम्प सहाच असतील तर सायकलची जुनी ट्यूब उभी कापून साच्याला करकचून गुंडाळा. दाब सगळीकडे सारखा बसतो.

उद्यमनगरकर
एक राहिलं. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात हवेला केवढा दमट वास येतो ते तुम्हाला माहीतच आहे. वखारीतून आणलेली फळी दोन-तीन आठवडे घरातच आडवी, मध्ये चिपा ठेवून रचा, मगच कापा. आणि चिकटवल्यावर एक दिवसाऐवजी दोन दिवस साच्यात राहू द्या.

गच्चीवरचं_वर्कशॉप
आज पुठ्ठ्यावर 725 आणि 800 ची कमान आखली, कापली आणि दारावर धरली. डावीकडे बरोबर बसली, उजवीकडे भिंत 4 मिमी आत गेलीय. त्या बाजूचा तुकडा जागेवर घासून बसवेन. उद्या वखारीत चार इंची सागवान बघायला जातेय.