मोहरावरचे आणि दिव्यावरचे तुडतुडे छायाचित्रावरून कसे ओळखावेत?

राजापूरचा_बागायतदार:
नमस्कार. आमच्या हापूसच्या बागेत मोहर फुटला की तुडतुडे येतात, पानांवर खार (त्यांचा चिकट स्राव) पडते आणि पुढे त्यावर काळी बुरशी धरते. भातकापणीच्या सुमारास ओटीवरच्या दिव्याभोवतीही तेवढेच बारीक किडे जमतात. हे सगळे एकाच जातीचे नसावेत असे वाटल्यामुळे मोबाइलला मॅक्रो भिंग लावून त्यांची छायाचित्रे काढू लागलो आहे, पण कितीही मोठी करून पाहिली तरी एका तपकिरी पाचरीपलीकडे काही हाती लागत नाही. छायाचित्रात नेमके काय यायला हवे, याचा सल्ला द्यावा.

झाडोरा:
मोहरावरचे आणि दिव्यावरचे किडे आधी वेगळे ठेवा. किडा कोणत्या झाडावर बसला होता ही नोंद कित्येकदा छायाचित्राहून अधिक उपयोगी पडते आणि दिव्यावर आलेल्या किड्याच्या बाबतीत नेमकी तीच हरवलेली असते.

मोहरावरच्या किड्यासाठी बरोबर वरून छायाचित्र घ्या आणि पंखांच्या मुळाशी, मानेच्या मागे जी त्रिकोणी ढाल दिसते तिच्यावर फोकस साधा. ढालीवर तीन ठिपके आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा असेल तर तो बहुधा इडिओस्कोपस निवियोस्पार्सस असतो. ढालीवर दोनच ठिपके, अंग लहान आणि शिवाय डोक्याच्या माथ्यावरही गडद ठिपके असतील तर इडिओस्कोपस क्लायपिअ‍ॅलिस, आणि दोन ठिपक्यांचा पण अंगाने चांगला थोराड दिसणारा असेल तर अम्रिटोडस अ‍ॅटकिन्सोनी समजावा. आकाराचा अंदाज छायाचित्रावरून हमखास फसतो, म्हणून शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवाच.

खाचरकाठ:
दिव्यावरच्या किड्यांबाबत जातीच्या मागे लागण्याआधी कूळ ठरवावे, आणि त्यासाठी बाजूने घेतलेले छायाचित्र लागते. मागच्या पायाच्या नडगीवर काट्यांच्या लांबच लांब रांगा असतील तर तो पानावरचा तुडतुडा. रांगा नसून नडगीच्या टोकाला एकच मोठा, हलणारा काटा असेल आणि मिशा डोळ्यांच्या खालून निघत असतील, तर तो भातावरच्या तपकिरी तुडतुड्याच्या कुळातला. खाचराजवळच्या दिव्यावर हिरवे तुडतुडेही भरपूर येतात. त्यांच्यातल्या नराच्या पंखांची टोके बहुधा काळी असतात, आणि माथ्याच्या पुढच्या कडेवर काळा पट्टा आहे की नाही यावरून नेफोटेटिक्स निग्रोपिक्टस (पट्टा असलेली) आणि नेफोटेटिक्स व्हिरेसेन्स (पट्टा नसलेली) या दोन जाती वेगळ्या काढता येतात.

कोलकात्याहून:
कालीपूजेच्या दिवसांत इथे दिव्यांवर हेच हिरवे तुडतुडे थव्याने येतात आणि लोक त्यांना श्यामापोका म्हणतात. एका दिव्याखाली नर आणि मादी दोन्ही मिळतात, तेव्हा सरावासाठी याहून सोपा किडा नाही.

सूक्ष्मदर्शक:
वरच्या सल्ल्यात एक भर घालतो. फिकट हिरव्या, जेमतेम तीन मिलिमीटरच्या तुडतुड्यांच्या असंख्य जाती बाहेरून सारख्याच दिसतात आणि नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्यांची जात खात्रीने सांगता येत नाही. कपाशीवरचा तुडतुडा पंखांच्या टोकाजवळच्या दोन काळ्या ठिपक्यांमुळे त्यातल्या त्यात लवकर ओळखू येतो, परंतु केवळ अंग हिरवे आहे म्हणून जातीचे नाव चिकटवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्र चढवताना कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे जातीच्या वरची पायरी) थांबणे मुळीच कमीपणाचे नाही.

राजापूरचा_बागायतदार:
सर्वांचे आभार. कालच्या छायाचित्रात ढालीवर तीन ठिपके स्पष्ट दिसत आहेत, पण पंख चमकल्यामुळे पट्टा आहे की उजेडाची तिरीप, हे कळत नाही. किडा क्षणभरही स्थिर बसत नाही, त्यावर काही उपाय आहे का?

झाडोरा:
किडा काचेच्या छोट्या नळीत घालून काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो सुस्तावतो. फ्लॅश बंद करा आणि सकाळच्या सावलीत, पांढऱ्या कागदावर वरून, बाजूने आणि समोरून चेहऱ्याचे अशी छायाचित्रे घ्या. उजेडाची दिशा बदलली तरी पांढरे जागच्या जागी राहिले, तर तो पट्टाच आहे.