भाचीचं नाव ‘नागनिका’ ठेवायचं आहे. अर्थ नक्की काय?

जुन्नरची आत्या

भावाला मुलगी झाली. अनुराधा नक्षत्र, पहिलं चरण, म्हणजे अक्षर ‘ना’. रविवारी बारसं आहे आणि नाव ठेवायचा मान माझा.

‘ना’ म्हटल्यावर घरच्या ग्रुपवर नायरा, नाव्या, नायशा यांचा पाऊस पडला. नावं गोड आहेत, पण आमच्याच भावकीत दोन नायरा आहेत. हाक मारली की एकच मुलगी मागे वळेल असं नाव मला हवंय. आणि ज्याचा अर्थ विचारला तर तिला खरं उत्तर देता येईल असं.

माझ्या मनात ‘नागनिका’ आहे. आमचे वडील एसटीत वाहक होते, जुन्नर-घाटघर गाडीवर. सुट्टीत आम्हा दोघांना गाडीत बसवून न्यायचे आणि नाणेघाटात फिरवायचे. जकातीचा दगडी रांजण आधी दाखवायचे, मग गुहेत नेऊन भिंतीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवायचे, दगडाला न लावता. म्हणायचे, “हे एका राणीनं लिहून घेतलंय. नागनिका तिचं नाव.” त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण नाव ते फार आदरानं घ्यायचे. आता ते नाहीत.

अडचणी दोन आहेत. आई म्हणते, पोरीच्या नावात नाग नको. आणि नावांच्या साइट पाहिल्या तर एकीवर ‘सर्पकन्या’, दुसरीवर ‘सुंदर राजकन्या’. काही ठिकाणी तर राणीचं नावच ‘नायनिका’ दिलंय आणि अर्थ ‘सुंदर डोळ्यांची’. यातलं खरं काय धरायचं? जाणकारांनी कृपया सांगा, मला घरी नीट सांगता आलं पाहिजे.

लेणीभटक्या

ताई, तुमच्या वडिलांनी बरोबर सांगितलं होतं. दोन्ही रूपं खरी आहेत, ‘सुंदर डोळ्यांची’ मात्र चूक.

गुहेच्या मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आता पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, पण वरची नावं ब्राह्मी अक्षरांत अजून आहेत. त्यातलं एक असं: ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’. म्हणजे देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी यांची प्रतिमा. नीट बघा, राणीचं नाव आधी आहे, राजाचं नंतर. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा बराच वेळ तिथून हललो नव्हतो.

भाषा प्राकृत आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ बऱ्याचदा झिजून ‘य’ होतो. नगरचं नयर होतं, सागरचं सायर. तसंच नागनिकेचं नायनिका. सातकर्णी आणि नागनिका अशी दोघांची नावं असलेलं चांदीचं नाणंही मिळालंय, त्यावर ‘ग’ शाबूत आहे. डोळ्यांवरून येणारं नाव ‘नयनिका’, ते वेगळं. साइटवाल्यांनी उच्चार सारखा दिसला म्हणून अर्थ चिकटवला.

तेव्हा नावाचा गाभा ‘नाग’च. संस्कृतात नाग म्हणजे साप तसा हत्तीही. पण आईंना खूश करायला हत्तीचा अर्थ पुढे करू नका असं मला वाटतं. नागेश, नागनाथ, नागोजी ही नावं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत, ती ठेवताना कुणी दचकलं नाही.

बाजूच्या भिंतींवरचा मोठा लेख तर या राणीच्या चरित्रासारखाच आहे. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ, त्यात दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळ्याचे आकडे. नवरा गेल्यावर मुलं लहान असताना तिनं कारभार पाहिला असं अभ्यासक मानतात. लेखात तिला महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखं जगणारी म्हटलंय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बाई. महाराष्ट्रात इतक्या जुन्या काळातल्या स्त्रीचं नाव तिच्या कर्तृत्वासकट हाताशी असणं ही साधी गोष्ट नाही.

मार्तंड

नावात नाग नको, या आईंच्या बोलण्यावर लिहावंसं वाटलं.

माझं नाव मार्तंड. आमचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे घरात ते मार्तंडभैरवाचं नाव. शाळेत मला ते नको वाटायचं. वर्गात सगळे संदीप, सचिन, आणि मी एकटा मार्तंड. कॉलेजात संस्कृतच्या बाईंनी अर्थ सांगितला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ७२ वं सूक्त आहे. अदितीला आठ मुलगे. सात घेऊन ती देवांकडे गेली आणि आठव्याला, मार्तंडाला, टाकून दिलं. नंतर त्याला परत आणलं. तोच सूर्य. शब्द फोडला तर मृत आणि अंड, मेलेल्या अंड्यातून आलेला.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. माझ्या आधीची तिची दोन बाळं गेली होती. नाव आजोबांनी ठेवलं होतं, त्यांना हा अर्थ ठाऊक होता की नाही कुणास ठाऊक. आई म्हणाली, “नशीब, तुझं नाव धोंडू ठेवू दिलं नाही.” आधीची मुलं जगली नाहीत की दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवायची, म्हणजे वाईट नजर वळणार नाही. आपल्याला ती नावं ओबडधोबड वाटतात, पण ती ठेवणाऱ्यांचा जीव किती टांगणीला लागला असेल! (अधिक महिन्यात जन्मलेल्यालाही धोंडू म्हणत, सगळ्याच धोंडूंमागे दुःख नसतं.)

मुलींच्या वाट्याला मात्र ‘नकुशा’ आलं, आणि ते जपण्यासाठी नव्हतं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींची नावं एकत्र बदलली गेली. तुमच्या घरात मुलीच्या नावासाठी एवढी शोधाशोध चाललीय हे वाचून बरं वाटलं. आईंना एवढंच विचारा, नागपंचमीला त्या काय करतात?

जन्म-मृत्यू विभागात १८ वर्षं

नावाच्या अर्थातलं मला कळत नाही, कामाचं सांगतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करा, नाव ठरलं नसलं तरी चालतं. पुढे १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून घाईत नको ते नाव देऊ नका.

आणि अशा वेगळ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आजच कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांना द्या. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं, असे पालक रोज खिडकीशी येतात. दुरुस्तीपायी हेलपाटे होतात.

जुन्नरची आत्या

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मार्तंडदादा, तुमचा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. तुमच्या आईचं वाचलं आणि ती डोळे पुसत स्वतःच म्हणाली, “दर पंचमीला भिंतीवर नाग काढून लाह्या-दूध ठेवते, त्याला भाऊ म्हणते, आणि पोरीच्या नावात नको म्हणत होते.”

मग प्रश्न उरला ‘ग’ की ‘य’ चा. मला दगडावरचं नायनिका आवडायला लागलं होतं. पण वहिनी म्हणाली, जन्मभर तिला लोक नयनिका म्हणतील आणि ती दुरुस्त करत बसेल. शिवाय बाबांच्या तोंडी ‘नागनिका’च होतं. बाळंतीण बोलली, विषय संपला. स्पेलिंगही तिनंच चार जणांना पाठवलंय.

पाळण्यात घालताना गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं की मी कानात नाव सांगणार. आई आतापासूनच तिला ‘नागू’ म्हणायला लागलीय. पावसाळा सरला आणि बाळानं मान धरली की घाटघरच्या गाडीनं आम्ही सगळे जाणार आहोत. लेणीभटके दादा, ती ओळ मागच्या भिंतीवर नेमकी कुठे आहे, डावीकडे की उजवीकडे, तेवढं सांगून ठेवा.