गाडीला जीपीएस बसवायचाय, कोणता घ्यावा?

लातूरकर: भावांनो आपली बोलेरो ड्रायव्हरकडं असते, पुण्याचं भाडं मारतो अन् कधीबी फोन करा, म्हणतो आत्ताच टेंभुर्णी सोडली, खरं खोटं कळंना झालंय. मोबाईलवर गाडी दिसायचं मशीन कुणी बसवलंय का?

परभणीचा गडी: मी बसवलंय. जीपीएस नुसती जागा काढतंय, ती मोबाईलवर यायला मशीनमधल्या सिमला नेट लागतंय. रिचार्ज संपला की गाडी हाय तिथंच उभी दिसती. माझी दोन दिस ढाब्यावर दिसायली, ड्रायव्हरला नाही नाही ते बोललो अन् बगतो तर गाडी दारात!

बीडवाला: ओबीडीवालं, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटात बसतंय ते, घेऊ नका, स्टेअरिंगखाली नुसतं खोचलेलं असतंय, चोर हातानं उपसतो. वायरवालं घ्या, डॅशबोर्डच्या आत बसवा, वर पत्रा नको, सिग्नल अडतो. अन् फ्यूज टाकूनच जोडा.

लातूरकर: मांजरसुंब्याच्या घाटात रेंज गेली तर?

बीडवाला: बऱ्याच मशीनमध्ये साठून राहतंय, रेंज आली की मागचा रस्ता दिसतो, घेताना तेवढं विचारा. आणि ड्रायव्हरला सांगून बसवा राव, गुपचूप बसवलं अन् त्याला सापडलं तर गाडी कोण चालवणार?