पोलर बॉडी दिसते, तरी म्हशीच्या अंड्याचे ब्लास्टोसिस्ट का होत नाहीत?

रेतन_पीजी: व्हेटर्नरीला पीजी करतेय, गायनॅक. कत्तलखान्यातून म्हशीच्या ओव्हरीज आणून आयव्हीएम (शरीराबाहेर अंडं पक्व करणं) करते, 38.5 डिग्री, 5 टक्के सीओटू, 24 तास. दुसऱ्या दिवशी क्युम्युलस (अंड्याभोवतीच्या पेशी) मस्त फुललेलं असतं, पोलर बॉडी (अंड्याने विभाजनात बाहेर टाकलेली छोटी पेशी) दिसते, फर्टिलायझेशनही होतं, पण 8 पेशींच्या आसपास बरेचसे भ्रूण अडकतात ते अडकतातच, ब्लास्टोसिस्टपर्यंत (आत पोकळी झालेला, साधारण आठवड्याचा भ्रूण) जात नाहीत. अंडं मॅच्युअर झालंय तर पुढे का सरकत नाही? सीमेन बदलून पाहिलं, फरक नाही.

लॅबवाला: सीमेनच्या मागे लागू नका. पोलर बॉडी दिसली म्हणजे केंद्रकाचं काम झालं एवढंच, पेशीद्रव्य तयार झालंय का ते त्यावरून कळत नाही. पारडी पोटात असतानाच तिच्या अंड्यांचं मिऑसिस (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) सुरू होऊन थांबलेलं असतं आणि पुढे फॉलिकलच (ओव्हरीतली अंडं असलेली पिशवी) ते थांबवून धरतं, बाजूच्या पेशींकडून सीजीएमपी हा निरोप्या रेणू अंड्यात जातो त्यामुळे आतलं सीएएमपी (मिऑसिस रोखून धरणारा रेणू) कमी होत नाही. आपण सुईने अंडं बाहेर ओढलं की ती अडवणूक संपते, मग अंड्याची तयारी असो वा नसो, मिऑसिस चालू. पिंकस आणि एन्झमन या संशोधकांनी सशात हे 1935 लाच दाखवलंय. शरीरात मात्र एलएचची (अंडं सुटायला लावणारं हार्मोन) लाट येण्याआधी, वाढत्या फॉलिकलमध्ये अंडं एमआरएनए (प्रोटीन बनवायच्या सूचना) आणि प्रोटीन साठवत असतं. भ्रूणाचे स्वतःचे जीन्स गाई-म्हशीत साधारण 8 ते 16 पेशींना नीट चालू होतात, तोवर आईने दिलेल्या या शिदोरीवरच भागवायचं. तुमचे नेमके तिथेच अडकतात, म्हणजे कल्चर मीडिया ठीक असेल तर माझ्या मते शिदोरीच अपुरी पडतेय.

रेतन_पीजी: हे पटलं! पण अशी कच्ची अंडी आधी ओळखायची कशी? मी 2 मिमीचे फॉलिकल पण घेते, म्हशीत मुळात मिळतातच कमी, टाकवत नाहीत.

म्हैस_रिप्रो: बीसीबी (ब्रिलियंट क्रेसिल ब्लू, निळा रंग) स्टेन करून बघा. अजून वाढत असलेल्या अंड्यात जी6पीडी हे एन्झाइम जोरात असतं, ते निळा रंग घालवतं, वाढ पूर्ण झालेलं अंडं निळंच राहतं. दोन्ही वेगळी ठेवून ब्लास्टोसिस्ट मोजा, छोट्या-मोठ्या फॉलिकलची सरमिसळ पण नको. आणि क्युम्युलस निघालेली अंडी घेऊच नका, गॅप जंक्शनच (पेशींना जोडणाऱ्या बारीक वाटा) तुटली तर अंड्याला पोसणार कोण?

लॅबवाला: +1. प्री-आयव्हीएम, म्हणजे आयव्हीएमच्या आधीचा टप्पा, पण करता येईल, फोरस्कोलिन आणि आयबीएमएक्स ही रसायनं घालून सुरुवातीला सीएएमपी वर ठेवतात, मिऑसिस जरा उशिरा सुरू होतं आणि क्युम्युलसशी जोड जास्त वेळ टिकते. गाईत काही लॅबना फायदा दिसलाय, सगळ्यांना नाही, त्यामुळे त्याच दिवशीच्या ओव्हरीजमधून कंट्रोल ग्रुप ठेवूनच करा.