बॉरो-लेंड, राईज-रेज, लाय-ले यात कायम गोंधळ होतो. ३०० रुपयांपर्यंत पुस्तक सुचवा

स्टोअरवाला_नाशिक: नमस्कार मंडळी. अंबडला एका कंपनीत स्टोअरमध्ये आहे, शिक्षण मराठी माध्यमातून. गेल्या आठवड्यात आमच्या दुसऱ्या प्लँटकडून दोन हँड पॅलेट (माल उचलून ओढायच्या हातगाड्या) दोन दिवसांसाठी मागवायचे होते, मी मेल केला "वुई कॅन लेंड टू हँड पॅलेट्स फॉर टू डेज". दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा टेम्पो रिकामा गेटवर उभा, ड्रायव्हरच्या हातात गेटपास, म्हणे पॅलेट न्यायला आलोय. आमच्याकडे तर एकच चालू, त्याचंही चाक घासलेलं. साहेब सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून सेंड दाबायच्या आधी हात थांबतो. अशी जोडीची क्रियापदं नीट समजावणारं पुस्तक हवंय. बजेट ३००, रोज वीस मिनिटं देऊ शकतो. क्लास नको, शिफ्ट बदलत्या असतात.

कोथरूडकर: क्लासच लावा. मी बारा हजारांचा ऑनलाइन कोर्स केला, आज क्लायंटशी बिनधास्त बोलतो. पुस्तकं कपाटात पडून राहतात.

मिसळप्रेमी: अहो त्यांनी क्लास नको लिहिलंय आणि ३०० लिहिलंय, वाचा की आधी.

जर्सीकर_ताई: मर्फीचं निळं ग्रामरचं पुस्तक घ्या, डावीकडच्या पानावर समजावलेलं आणि उजवीकडे त्याचाच सराव, मी इकडे आल्यावर त्यावरच सुधारले. ३०० मध्ये नवं कदाचित बसणार नाही पण एकदाच घ्यायचंय. आणि बाय द वे इकडे अमेरिकेत "कॅन यू लोन मी युवर कार" सर्रास म्हणतात, लेंडच पाहिजे असं काही नाही.

निवृत्त_मास्तर: ताई, ते तिकडे चालतं, पण यांची अडचण लेंड की लोन ही नाहीये, घेणं की देणं ही आहे. स्टोअरवाले दादा, मराठीतलं वाक्य आधी मनात म्हणा. "कडून" आलं की बॉरो आणि पुढे फ्रॉम, "ला" आलं की लेंड आणि पुढे टू. दुसऱ्या प्लँट*कडून* पॅलेट हवेत म्हणून "मे वुई बॉरो टू हँड पॅलेट्स फ्रॉम यू". त्यांनी तुम्हा*ला* द्यायचेत म्हणून "कुड यू लेंड टू हँड पॅलेट्स टू अस". ३१ वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं, हे एवढं फळ्यावर लिहिलं की पोरांचा गोंधळ थांबायचा.

स्टोअरवाला_नाशिक: सर हे लगेच डोक्यात बसलं! राईज-रेजचंही सांगाल का?

निवृत्त_मास्तर: भाव वाढले, राईज. कंपनीने भाव वाढवले, रेज. आपोआप घडलं की कुणी केलं एवढंच बघा. राईज-रोझ-रिझन, रेज-रेज्ड-रेज्ड. झाड पडलं आणि झाड पाडलं, तसंच. पडणं म्हणजे फॉल-फेल-फॉलन, पाडणं म्हणजे फेल-फेल्ड-फेल्ड. बघा, पडणंचा भूतकाळ आणि पाडणंचा वर्तमानकाळ दोन्ही फेल! लाय-लेमध्ये नेमकी हीच खोच आहे. पेटी जमिनीवर पडून आहे ती लाय, पेटी खाली ठेव तिथे ले. आता लायचा भूतकाळ ले आणि लेचा भूतकाळ लेड. "काल पेटी तिथेच पडून होती" म्हणजे "द बॉक्स ले देअर", "मी पेटी तिथे ठेवली" म्हणजे "आय लेड द बॉक्स देअर".

कोथरूडकर: एवढं कोण लक्षात ठेवतं, पुट आणि केप्ट वापरा, काम होतं. त्यापेक्षा लोक "डिस्कस अबाउट" लिहितात ते थांबवा आधी.

मिसळप्रेमी: आणि प्रीपोन, म्हणजे मीटिंग अलीकडे घेणं?

कोथरूडकर: प्रीपोन असा शब्दच नाही.

जर्सीकर_ताई: आहे हो, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, भारतीय इंग्रजी म्हणून. इकडच्यांना कळत नाही ते वेगळं. मर्फीच घ्या.

वऱ्हाडची_सून: आमच्याकडे सासऱ्यांची तर्खडकर भाषांतर पाठमाला आहे, मराठी वाक्यावरून इंग्रजी करायची. पण घेऊ नका दादा, फार जुनी भाषा, राजाने घोडा पाठवला असली वाक्यं. मी मोबाइलवर डिक्शनरी बघते, फुकट आहे, प्रत्येक क्रियापदाखाली उदाहरणं असतात.

मिसळप्रेमी: मर्फीला +१. तर्खडकर आता नकोच.

स्टोअरवाला_नाशिक: सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो, मर्फी बघितलं, छान आहे पण सगळं इंग्रजीतच. शेजारी तर्खडकर होती, ८० रुपये, तीच घेतली. तुम्ही सगळे नको म्हणालात पण सरांनी सांगितलं तसं माझ्या मनात वाक्य मराठीतच येतं, मला तिथूनच निघायला लागतं. घोड्याच्या जागी मी पॅलेट घालतो. काल रात्री वीस वाक्यं केली, बायको वाचत होती मी लिहीत होतो. सर एक विचारू? पॅलेट उद्या परत पाठवायचेत, "वुई विल रिटर्न बॅक" बरोबर ना?

निवृत्त_मास्तर: बॅक काढा. रिटर्नमध्येच परत आलं.

स्टोअरवाला_नाशिक: काढलं. पाठवला मेल.