चर्चा : चैत्र पौर्णिमेचे पाणी गच्चीवर ठेवावे की पहाटे मारुतीच्या देवळात जावे?

कृष्णाकाठ (सांगली)

चैत्र पौर्णिमा जवळ आली की हल्ली व्हॉट्सॲपवर एक ठरावीक संदेश फिरू लागतो. वसंतातील पौर्णिमेच्या रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून गच्चीवर ठेवावे, सकाळी ते प्यावे, मनातील इच्छा कागदावर लिहून तो कागद जाळावा, म्हणजे चंद्राची ऊर्जा लाभते, असे त्यात म्हटलेले असते. माझा याला विरोध आहे. हा विधी नवा किंवा परका आहे म्हणून नव्हे, तर त्यात माणसाने द्यायचे काहीच नसते, फक्त मागायचे असते, म्हणून.

आपल्या भागात या दिवसाला आधीपासून एक अर्थ आहे. चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, शिराळा, बहे ही समर्थस्थापित मारुतींची गावे आपल्याच दोन जिल्ह्यांतील असून, हनुमान जयंतीला तेथे पहाट होण्याआधीच कीर्तनाला सुरुवात होते. पौर्णिमेच्या पहाटे पश्चिमेला चंद्र मावळत असतो आणि पूर्वेला सूर्य उगवत असतो. नेमक्या त्याच वेळी जन्माचा गुलाल पडतो, पाळणा म्हटला जातो आणि सुंठवडा वाटला जातो. जन्मताच उगवत्या सूर्याकडे झेपावलेल्या बाळाची ही तिथी असल्यामुळे तिचे आध्यात्मिक सार झेप घेण्यात आहे, चांदण्यात स्वस्थ बसून काही मिळण्याची वाट पाहण्यात नाही, असे मला वाटते. साधा विधी हवा असेल तर आदल्या संध्याकाळी रुईची पाने स्वतः तोडून आणावीत, बोटांना तिचा चीक लागू द्यावा (डोळ्यांना मात्र हात लावू नये), माळ ओवावी आणि सूर्योदयाला देवळात हजर राहावे.

कोयनाकाठची (कराड)

आपले म्हणणे वाचले, परंतु ते मला मान्य नाही. आपण ज्या पहाटेचे वर्णन केले आहे, तिच्या आदल्या रात्री सुंठ कुटून ती वस्त्रगाळ करणे, सुके खोबरे किसून मंद आचेवर भाजणे, खसखस आणि खारकेची पूड त्यात मिसळणे ही कामे कोण करते, याचा उल्लेख आपल्या लेखनात कोठेही नाही. आमच्या गावात बायका अजूनही मारुतीला गाभाऱ्याबाहेरूनच नमस्कार करतात. सुंठेच्या ठसक्याने डोळे भरून येईपर्यंत राबायचे आणि जन्माच्या वेळी मागच्या रांगेत उभे राहायचे, हा ज्यांचा अनुभव आहे, त्यांना गच्चीवरचा तांब्या का जवळचा वाटतो, हे समजून घेणे फारसे अवघड नाही. तेथे कोणाचा मान नसतो, कोणाची रांग नसते.

शिवाय चैत्रगौरीचे हळदीकुंकू अक्षय तृतीयेपर्यंत चालते आणि ही पौर्णिमा त्याच काळात येते. आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, एवढ्यावर उभा असलेला हा बायकांचा वसंतोत्सव आपल्या मांडणीतून साफ गळला आहे. मी स्वतः पाणी ठेवत नाही. पण चंद्र उगवताना गच्चीवर थोडा वेळ गप्प बसते, आणि त्याला कोणी थोतांड म्हटलेले मला चालणार नाही.

भौतिकीचा शिक्षक (विश्रामबाग)

गप्प बसण्याला कोणीच थोतांड म्हणत नाही. पाण्यात ऊर्जा उतरते, हे विधान मात्र तपासण्याजोगे आहे. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे 4 लाखाव्या भागाइतका असतो, आणि तो प्रकाशही सूर्याचाच, चंद्राच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन आलेला. चंद्रप्रकाशाने पाणी भारित होत असेल, तर दिवसभर उन्हात तापणाऱ्या आपल्या सिंटेक्सच्या टाक्यांतून अमृतच यायला हवे होते.

तथापि कृष्णाकाठ यांची बाजूही मला पक्की वाटत नाही. हनुमानाचा जन्मदिवस अयोध्येकडे दिवाळीतील नरक चतुर्दशीला आणि तमिळनाडूत मार्गशीर्ष अमावास्येला मानतात. तेव्हा झेप घेण्याचा अर्थ या तिथीतच मुळात आहे असे म्हणता येत नाही. तो आपल्याकडच्या लोकांनी तिला दिलेला आहे. मग कराडच्या ताईंनी आपल्या परीने वेगळा अर्थ दिला, तर त्यावर आक्षेप कोणत्या आधारावर घ्यायचा?

सातारकर

वसंत चैत्रावर संपत नाही, हे येथे सगळेच विसरलेले दिसतात. वैशाख पौर्णिमेला आम्ही पांढरी वस्त्रे परिधान करून विहारात जातो, त्रिशरण आणि पंचशील ग्रहण करतो, आणि सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून खीर वाटतो. बुद्धांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटना परंपरेने त्याच पौर्णिमेशी जोडलेल्या आहेत. पण त्या दिवशी आम्ही चंद्राकडे काही मागत नाही आणि सूर्याकडेही झेपावत नाही. पाच शीले उच्चारायची आणि दुसऱ्या दिवशी दुकानात, कचेरीत, घरात ती मोडू द्यायची नाहीत, एवढाच विधी. तो सोपा दिसतो. चौथे शील, म्हणजे खोटे न बोलणे, दुपारपर्यंत पाळून पाहावे.

माणदेशी

आमच्याकडे चैत्रात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते. गच्चीवर तांब्या ठेवायचाच असेल, तर तो पाखरांसाठी ठेवावा किंवा रस्त्यावर पाणपोई घालावी. अक्षय तृतीयेला उदककुंभ देण्याची रीत आपल्यात आहेच. ती पंधरा दिवस आधी सुरू केली, तर कोणताही देव रागावणार नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

शिक्षक महोदयांचा प्रश्न रास्त आहे. अर्थ लोकांनीच दिला, हे मला मान्य आहे. पण तो पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी मिळून दिला आणि अनेकांनी मिळून पाळला, म्हणून त्याला वजन आले. त्याच पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर जोतिबाची यात्रा असते. मानाची पहिली सासनकाठी (देवाची निशाणकाठी) सातारा जिल्ह्यातील निनाम पाडळीची असते आणि संध्याकाळी पालखी यमाईच्या भेटीला निघते. उंच सासनकाठी कोणाही एकट्याला पेलत नाही. चारी बाजूंनी दोर ताणून धरणारी माणसे लागतात. गच्चीवर एकट्याने इच्छा जाळण्यात हे कोठून येणार? ‘चांगभलं’ची आरोळी सगळ्यांनी मिळून द्यायची असते.

कोयनाकाठची (कराड)

सासनकाठीचे दोर धरणाऱ्यांत बायका किती असतात, तेही आपण मोजून सांगावे. आपण एकत्रपणाचा इतका आग्रह धरता, तर येत्या जयंतीला आपल्या गावातील देवस्थानच्या पंचांकडे एवढेच मागावे की पाळण्याची दोरी पहिल्यांदा सुंठवडा करणाऱ्या बायकांच्या हाती द्यावी. ते त्यांनी मान्य केले, तर मीही त्या पहाटे गच्ची सोडून बह्याच्या बेटावर येईन. तोवर चंद्र उगवताना मी माझ्या जागी असेन, आणि माणदेशी दादांचे म्हणणे पटल्यामुळे शेजारी पाखरांसाठी पाणीही असेल.