बर्फासाठी आणि रोजच्या अंगणकामासाठी जुना गार्डन ट्रॅक्टर: तुमचे अनुभव लिहा

विस्कॉन्सिन, धागा सुरू करताना

आमचं घर गावाबाहेर आहे. दीड एकर जागा, घरापासून रस्त्यापर्यंत खडीचा सव्वादोनशे फूट ड्राइव्हवे आणि मध्ये एक चढ. पहिला हिवाळा फावड्यावर काढला. दुसऱ्या वर्षी एका मोठ्या दुकानातून नवा लॉन ट्रॅक्टर आणला, पुढे ब्लेड लावलं. फेब्रुवारीत ब्लेड जिथे बसतं तिथे त्याची फ्रेम वाकली. दुकानात विचारलं तर म्हणाले, हा गवत कापायचा ट्रॅक्टर आहे, बर्फ ढकलायचा नाही. हे घेताना कोणी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते, म्हणून इथे सगळ्यांना लिहायला बोलावतोय.

लॉन ट्रॅक्टर आणि गार्डन ट्रॅक्टर लांबून सारखेच दिसतात. पण गार्डन ट्रॅक्टरची फ्रेम जाड असते, मागचं एक्सल बिडाच्या भक्कम घरात असतं, चाकं मोठी असतात. तो मागे छोटा नांगर लावून जमीन उलटवायच्या हिशेबाने बनवलेला असतो. १९६० ते १९८० च्या दशकांत असे ट्रॅक्टर भरपूर निघाले, त्यातले कितीतरी आमच्याच राज्यात: जॉन डीअरचे हॉरिकॉनला, सिम्प्लिसिटी आणि बोलेन्सचे पोर्ट वॉशिंग्टनला, केसचे विनेकॉनीला. म्हणून इकडच्या शेतांवरच्या शेडमध्ये ते अजून उभे सापडतात.

मी मात्र घेतला तो इंडियानातल्या साउथ बेंडचा, व्हील हॉर्स सी-१२०. सत्तरच्या दशकातला, कोहलरचं १२ हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरचं इंजिन, गिअरचा. ६५० डॉलरना ट्रॅक्टर, ४२ इंची ब्लेड, चाकांच्या चेन आणि गवत कापायचा डेक असं सगळं मिळालं. वाकलेल्या नव्या ट्रॅक्टरचं इंजिन २० हॉर्सपॉवरचं होतं. तरी हा १२ चा त्याच्यापेक्षा जास्त बर्फ ढकलतो, कारण ढकलायला वजन लागतं आणि चाकाची जमिनीवर पकड लागते. इंजिनाची ताकद त्यानंतर.

तुम्ही कोणता घेतलात, कशावरून निवडलात, काय बिघडलं, बर्फ ढकलणारं ब्लेड की बर्फ उचलून लांब फेकणारा ब्लोअर, सविस्तर लिहा.

मिशिगन, अप्पर पेनिन्सुला

ब्लेड की ब्लोअर यावर आधी लिहितो, कारण आमच्याकडे सगळं त्यावरच ठरतं. कीविनॉ भागात लेक सुपीरियरवरून येणारा बर्फ वर्षाला २०० इंचांच्या पुढे जातो. माझ्याकडे कब कॅडेट १४९ आहे, हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअर न बदलता तेलाच्या दाबावर पुढे-मागे जाणारा. पहिल्या वर्षी फक्त ब्लेड होतं. डिसेंबरपर्यंत झकास चाललं. मग दोन्ही बाजूंचे ढीग गोठून दगड झाले आणि ढकललेला बर्फ जायला जागाच उरली नाही. जानेवारीत आमचा बारा फुटी ड्राइव्हवे सात फुटांवर आला होता, गाडीचे आरसे मिटून आत घ्यावे लागत.

ब्लेडच वापरणार असाल तर पहिल्या दोन-तीन बर्फांतच ढीग हवेत त्याहून चार-पाच फूट लांब नेऊन टाका. तेव्हा ते उगाच केल्यासारखं वाटतं, जानेवारीत त्याचं मोल कळतं. आणि जमीन गोठेपर्यंत ब्लेडला जमिनीपासून वर धरणारे स्की-पाय इंचभर खाली सोडून ठेवा, नाहीतर सगळी खडी हिरवळीवर जाते आणि एप्रिलमध्ये दंताळ्याने ओढून परत आणावी लागते.

दुसऱ्या वर्षी ब्लोअर लावला. ट्रॅक्टर घ्यायच्या आधीच त्याचा ब्लोअर कुठे मिळतो ते बघून ठेवा. ट्रॅक्टर मिळतात, त्यांची अवजारं मिळत नाहीत. मला ब्लोअर आणायला साडेतीन तास गाडी चालवावी लागली.

ओहायो

माझा अनुभव बाबांचा आहे.

मी कब कॅडेट १२८ घेतला. हा इंटरनॅशनल हार्वेस्टरने केंटकीत लुईव्हिलच्या कारखान्यात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलेला. इंजिनापासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत दांडा जातो, मध्ये पट्टा नाही, म्हणून ओल्या बर्फात पट्टा घसरायची भानगड नाही. घेतला तेव्हा छान चालला. मग पंधरा-वीस मिनिटं काम केलं की बंद पडायला लागला. थंड झाला की परत सुरू. जवळच्या एका गॅरेजने कार्बोरेटर बदलायला लावला. दीडशे डॉलर गेले, फरक शून्य.

त्या ऑक्टोबरात आई-बाबा निफाडहून आले होते. बाबांची द्राक्षबाग, त्यामुळे घरी छोटा ट्रॅक्टर आहे, पण तो डिझेलचा. हा पेट्रोलचा. बाबा शेजारी उभे राहिले, बंद पडेपर्यंत नुसते ऐकत होते. म्हणाले, "याला पेट्रोल कमी पडत नाहीये, ठिणगी कमी पडतेय. प्लॅटिनम कुठाय याचं?"

मला प्लॅटिनम म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्यांनी तरुणपणी राजदूत वापरली होती, तिच्या प्लॅटिनमशी रोजची गाठ. इंजिनाच्या अंगाला खाली दोन स्क्रूंचं एक छोटं झाकण निघालं. आत दोन बारीक टिकल्या समोरासमोर, त्या उघडतात तेव्हा ठिणगी पडते. हेच प्लॅटिनम, इकडे याला पॉइंट म्हणतात. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, अगदी जवळ जाऊन बघितलं आणि मलाही दाखवलं: एका टिकलीवर करडा उंचवटा, दुसरीत तेवढाच खड्डा. जणू एकीतलं उकरून दुसरीवर ठेवलंय. "कंडेन्सर गेलाय. गरम झाला की साथ सोडतो. त्यानेच हे जाळलंय." कंडेन्सर म्हणजे टिकल्या जळू नयेत म्हणून जोडलेली छोटी डबी.

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात दोन्ही मिळून वीस डॉलरच्या आत आलं. या कोहलर इंजिनांच्या पॉइंटमधलं अंतर २० हजारांश इंच ठेवतात. फिलर गेजची ती पाती बाबांनी माझ्या हातात दिली. पाती ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखी किंचित अडली पाहिजे, सैल नको आणि घट्टही नको. चार वेळा स्क्रू आवळताना अंतर हललं, चारही वेळा त्यांनी मलाच परत करायला लावलं. पाचव्यांदा जमलं. त्या दिवशी ट्रॅक्टर दोन तास न थांबता चालला, पाचोळ्याची ट्रॉली ओढत. बाबाच चालवत होते, उतरायला तयार नव्हते.

आता दर जानेवारीत बाग ऐन भरात असताना फोन करतात आणि नातवंडांची चौकशी झाली की विचारतात, "प्लॅटिनम बघितलंस का?"

अजून एक. याच काळातल्या कोहलरच्या १० ते १६ हॉर्सपॉवरच्या बऱ्याच इंजिनांत थरथर कमी करायला आत बॅलन्स गिअर बसवलेले असायचे. जुने झाल्यावर ते तुटले तर अख्खा ब्लॉक फोडतात. इंजिन कधी उघडलंच तर जाणकार मेकॅनिक ते काढूनच टाकतात. घेताना "इंजिन उघडून बांधलंय" असं कोणी म्हणालं तर बॅलन्स गिअर काढले का, हे जरूर विचारा.

ऑन्टारियो, ग्वेल्फजवळ

बाबांचं वाचून डोळे भरून आले.

माझा मुद्दा पकडीचा. ट्रॅक्टर कितीही दणकट असो, मागची चाकं जागेवर फिरायला लागली की सगळं संपलं. आमच्याकडे सिम्प्लिसिटी आहे. पहिल्या बर्फात मी चढावर अर्ध्यात अडकले आणि मुलाला बोलावून ढकलून घ्यावं लागलं. मग एकेक करत गेलो. आधी चेन, त्याने अर्धं काम झालं. मग चाकांना बिडाची वजनं. मग टायरमध्ये द्रव भरला. नुसतं पाणी गोठतं. पूर्वी कॅल्शियम क्लोराइड भरायचे, पण टायर गळला तर ते रिम खाऊन टाकतं. जुना ट्रॅक्टर घेताना व्हॉल्व्हभोवती रिम गंजलीय का ते बघा, गंजली असेल तर आत तेच आहे. आम्ही बीटचा रस भरून घेतला. पाण्यापेक्षा जड, गोठत नाही, गंजवत नाही. त्यानंतर त्याच चढावर एकदाही अडकले नाही.

गिअर की हायड्रो? बर्फात दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे चालतं. गिअरच्या ट्रॅक्टरवर प्रत्येक वेळी क्लच दाबून गिअर बदलायचा. माझा गुडघा दुखरा आहे, म्हणून मी हायड्रोच घेतला. मात्र हायड्रो घेताना अर्धा तास चालवून तेल गरम होऊ द्या आणि मग चढावर न्या. थंड असताना सगळेच चढतात. तेल दुधी दिसलं तर पाणी शिरलंय.

आणि बघायला जाताना आधी फोन करून सांगा, इंजिन सुरू करू नका, आम्ही आल्यावर करू. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाच्या पत्र्याला हात लावा. आम्ही एकदा गेलो तर पत्रा कोमट होता. मालकाने गरम करून ठेवला होता. तसेच परत आलो.

न्यूयॉर्क, बफेलोच्या दक्षिणेला

जॉन डीअर ३१८. १९८३ ते १९९२ निघायचा. ओनानचं दोन सिलिंडरचं १८ हॉर्सपॉवरचं इंजिन, पॉवर स्टिअरिंग, ब्लेड हायड्रॉलिकवर वर-खाली आणि डावी-उजवीकडे. हाताने लिव्हर ओढून दंड दुखलेल्यांना याची किंमत कळेल. पण ओनानचे भाग आता महाग आणि दुर्मिळ आहेत. म्हणून घेताना इंजिनाची प्रकृती सगळ्यात आधी बघा, रंग शेवटी.

माझी चूक सांगतो. उन्हाळ्यात ट्रॅक्टर शेडमध्ये तीन महिने उभा होता. नंतर पाचोळा गोळा करायला काढला तर दहा मिनिटांत जळका वास. लगेच बंद केला. इंजिनावरचे पत्रे काढले तर खाली इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पंखांमध्ये (फिन्समध्ये) उंदरांचं घरटं, कापूस, अक्रोडाची टरफलं, सगळं गच्च. ही इंजिनं हवेवर थंड होतात, पंख बुजले की व्हॉल्व्हच्या सीट सुटतात आणि मग दुरुस्ती ट्रॅक्टरच्या किमतीच्या वर जाते. मी वेळेत थांबलो. आता दर सप्टेंबरला पत्रे काढतो म्हणजे काढतोच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्या भागात तीन-चार दिवसांत सहा फुटांहून जास्त बर्फ पडला. त्यात कुठलाच गार्डन ट्रॅक्टर काही करू शकत नाही, हेही सांगायला हवं. लोडर बोलवावा लागला. एरवी एक फुटापर्यंत माझा ३१८ निवांत काम करतो. फक्त सगळा पडून होईपर्यंत थांबायचं नाही, चार-चार इंचांना काढत राहायचं.

मिनेसोटा

थोडक्यात. हिवाळ्यात पातळ ऑइल टाका, उणे वीसला घट्ट ऑइलमध्ये स्टार्टर नुसता कण्हतो. बॅटरी घरात आणा. पेट्रोल शक्यतो इथेनॉल नसलेलं घ्या, जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने विरघळून कार्बोरेटरमध्ये जातात.

पेनसिल्व्हेनिया

घरात लहान मुलं असणाऱ्यांसाठी. नव्या ट्रॅक्टरमध्ये सीटवरून उठलं की इंजिन बंद होतं. साठच्या दशकातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत तसं काही नाही, आणि जिथे होतं तिथे आधीच्या मालकाने वायर जोडून टाकलेली असते. मी पहिलं काम सीटखालचा स्विच परत चालू करायचं केलं. गवत कापताना मुलं घरात, दार बंद, हा आमच्याकडे नियम आहे. आडव्या उतारावर चालवू नका, डोक्यावर संरक्षक दांडी नसते. शिवाय एक सिलिंडरच्या या कोहलरमध्ये ऑइलचा पंप नसतो, आतलं ऑइल उडून सगळीकडे लागतं. फार तिरपा झाला तर इंजिनाला ऑइलही मिळत नाही.

न्यू जर्सी

मी उलट बाजू मांडतो. मी हौसेने घेतला, दोन वर्षं ठेवला आणि विकला. आमचा ड्राइव्हवे साठ फुटांचा, डांबरी. वर्षात जेमतेम पाच-सहा वेळा ढकलण्याजोगा बर्फ. गॅरेजची अर्धी जागा त्याने अडवली होती. हाताने चालवायचा ब्लोअर मला पुरतो. जागा मोठी नसेल आणि दुरुस्तीची आवड नसेल तर मोहात पडू नका. माझा ज्यांनी नेला त्यांच्याकडे तीन एकर आहेत, तिथे तो सुखात आहे.

व्हरमाँट

जमीन गोठायच्या आत ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना काठ्या ठोका. बर्फाखाली कड दिसत नाही. गेल्या वर्षी नालीवरच्या दगडाला ब्लेड धडकलं, ब्लेडच्या स्प्रिंगांनी ते मागे पडलं म्हणून वाचलं. घेताना त्या दोन स्प्रिंगा आहेत का आणि ब्लेड खरंच मागे पडतं का, ते पायाने दाबून बघा.

विस्कॉन्सिन

काठ्या आज ठोकल्या, पंचवीस.

आणि ओहायोचं वाचल्यापासून चैन नव्हतं. माझाही सी-१२० गेले दोन आठवडे सकाळी सहा-सात वेळा चावी फिरवल्याशिवाय उठत नव्हता, मी थंडीला दोष देत होतो. दुपारी ते दोन स्क्रूंचं झाकण उघडलं. अगदी तसंच, एका टिकलीवर करडा उंचवटा. कंडेन्सरसकट दोन्ही बदललं. माझं अंतर सहाव्यांदा जमलं. आता अंधार पडलाय, बाहेर उणे नऊ आहे, आणि नुकताच जाऊन चावी फिरवली तर पहिल्या फेरीत सुरू झाला. निफाडच्या काकांना माझा नमस्कार सांगा.